मुलांना बॅडमिंटनचे नियम कोणत्या क्रमाने शिकवावेत?

प्रश्न थोडक्यात असा: आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा गट बॅडमिंटन शिकायला येतो. रॅकेट धरता येते, शटल बऱ्यापैकी मारता येतं. पण नियम सांगायला बसलं की पाच मिनिटांत लक्ष उडतं आणि खेळायला लागलं की प्रत्येक पॉइंटला वाद होतो. सर्व्हिस कोणाची, कुठून करायची, शटल आत पडलं की बाहेर? दुहेरीत तर शिकवणाऱ्यालाच सुचेनासं होतं. मग सुरुवात कुठून करायची आणि सांगायचं किती?

मी अनेक वर्षं या वयाच्या मुलांना शिकवतो आहे आणि माझं मत ठाम आहे. नियमांसाठी वेगळा तास घेऊ नका. खेळताना ज्या क्षणी एखाद्या नियमावाचून अडतं, त्या क्षणी तो द्या, आणि एका वेळी एकच द्या. मुलं भांडायला लागली म्हणजे त्यांना नियम हवा आहे, असं समजा. कोर्टावर वाद पेटलेला असताना अर्ध्या मिनिटात सांगितलेला नियम मुलं विसरत नाहीत. फळ्यावर लिहून दिलेले वीस नियम कोर्टावर पाऊल ठेवेपर्यंत टिकत नाहीत. हे एकदा मान्य केलं की उरतो तो क्रमाचा प्रश्न. तो मी सविस्तर मांडतो, कारण क्रम चुकला की सोपा नियमसुद्धा अवघड वाटायला लागतो.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी पुरतात. शटल नेटवरून पलीकडे गेलं पाहिजे. ते समोरच्याच्या कोर्टात पडलं पाहिजे. आणि आपल्याकडे आलेलं शटल जमिनीला टेकायच्या आत, एकाच फटक्यात परत गेलं पाहिजे. बस. सर्व्हिसचं नावही काढू नका. ज्याच्या हातात शटल आहे त्याने ते नेटवरून सहज जाईल असं उडवून द्यावं आणि खेळ सुरू व्हावा. पॉइंटही मोजू नका, सलग किती फटके झाले ते मोजा. दोघं मिळून दहा फटके करायचे म्हटलं की शटल खाली पडू न देणं हा या खेळाचा गाभा मुलांच्या अंगात उतरतो. पुढचे बहुतेक नियम याच तीन गोष्टींतून निघतात.

या टप्प्यावर पूर्ण कोर्ट देऊ नका. दुहेरीचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद असतं. आठ वर्षांच्या मुलाला मागच्या रेषेवरून शटल पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत पोचवता येत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. मध्यरेषेपासून कडेच्या रेषेपर्यंतची साधारण तीन मीटरची पट्टी एका जोडीला द्या. एका कोर्टावर चार मुलं दोन जोड्यांनी खेळतात आणि कुणी नुसतं उभं राहत नाही. नेटची अधिकृत उंची खांबांपाशी १.५५ मीटर आणि मध्यभागी १.५२४ मीटर असते. लहान मुलांसाठी ती बिनधास्त कमी करा, किंवा दोरी बांधा. नेट डोक्याच्या वर असलं तर मुलं प्रत्येक शटल खालून वर उडवायलाच शिकतात, आणि ती सवय मोडायला पुढे फार त्रास होतो.

आता रेषा. बॅडमिंटनच्या कोर्टावर नवख्या माणसाला जरा जास्तच रेषा दिसतात, मुलं त्यामुळे बिचकतात. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे रेषांवरून चालणं. "एकेरीच्या बाहेरच्या रेषेवरून चाला," "दुहेरीच्या सर्व्हिसच्या चौकोनाला फेरी मारा," असं सांगत राहायचं. चार-पाच दिवस खेळापूर्वी दोन मिनिटं हे केलं तरी पुरे होतं. एकेरीचं कोर्ट अरुंद असतं, ५.१८ मीटर. दुहेरीत दोन्ही बाजूंना ४६ सेंटिमीटरची पट्टी वाढते. मागची शेवटची रेषा दोन्हींत तीच. मुलांना आकडे पाठ करायला लावू नका, ते तुम्हाला माहीत असले म्हणजे झालं.

रेषांबद्दल पहिला वाद ठरलेला आहे: रेषेवर पडलेलं शटल आत की बाहेर? आत. रेषा कोर्टाचाच भाग आहे. शटल पहिल्यांदा जिथे टेकतं ती जागा बघायची. घसरत किंवा उडून ते नंतर कुठे जाऊन थांबलं याला महत्त्व नाही. मुलं नेमकी थांबलेल्या शटलकडे बोट दाखवून भांडतात, म्हणून हा मुद्दा पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. एक सोपा खेळ आहे. एक मूल हाताने शटल रेषेच्या आसपास टाकतं, दुसरं "आत" किंवा "बाहेर" ओरडतं, तिसरं रेषेशी वाकून खात्री करतं. नजर तयार होते आणि आपल्याला वाटलं ते चुकू शकतं हेही मुलांना स्वतःच कळतं. ही दुसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

गुण मोजायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात सुरुवात करा. हा भाग आता सोपा आहे. सर्व्हिस कोणीही केलेली असो, रॅली (सर्व्हिसपासून शटल पडेपर्यंतची फटक्यांची देवाणघेवाण) जो जिंकतो त्याला गुण मिळतो आणि पुढची सर्व्हिसही त्याचीच. २००६ साली ही पद्धत येण्यापूर्वी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. घरातली मोठी माणसं जुन्या पद्धतीने खेळलेली असतील तर मुलांना तेच सांगतात आणि गोंधळ होतो. पालकांना हा फरक एकदा स्पष्ट सांगून टाका. गेम २१ गुणांचा, सामना तीन गेमपैकी दोन जिंकणाऱ्याचा. २०-२० झाले तर सलग दोन गुणांची आघाडी घेणारा जिंकतो, आणि तसं होत होत २९-२९ झाले तर पुढचा एक गुण, म्हणजे तिसावा, निकाल लावतो.

शेवटचा भाग मुलांना ऐकून कळत नाही, कारण २०-२० होण्याचा प्रसंग त्यांच्या खेळात फारसा येतच नाही. तो मुद्दाम आणा. खेळ १८-१८ पासून सुरू करा, दुसऱ्या दिवशी २८-२८ पासून. दहा मिनिटांत नियम समजतो आणि मुलांना ते अटीतटीचे गुण खेळायला प्रचंड आवडतं. मोठ्या मुलांना मी २०१७ सालच्या ग्लासगो इथल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं उदाहरण देतो. महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात नोझोमी ओकुहाराने पी. व्ही. सिंधूला २१-१९, २०-२२, २२-२० असं हरवलं, सामना ११० मिनिटं चालला. पहिला गेम २१ वर का संपला आणि दुसरा का नाही संपला, हे मुलांनाच सांगायला लावा. ज्याला हे तीन आकडे समजावून सांगता आले त्याला नियम कळला.

रोजच्या सरावात २१ पर्यंत खेळवू नका. सात किंवा अकरा पुरे. कमकुवत मूल २१ पर्यंत हरत राहिलं की त्याचं मन खचतं. सातच्या गेममध्ये त्याला लगेच नवी सुरुवात मिळते. कोणताही एक खेळाडू ११ वर पोचला की एक मिनिटापर्यंत विश्रांती, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटांपर्यंत, प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायची आणि तिसऱ्या गेममध्ये ११ वरही बदलायची, हे सामने खेळण्याइतकी मुलं तयार झाली की सांगा.

गुण सांगण्याची रीत मात्र गुण मोजायला लागाल त्या पहिल्याच दिवसापासून लावा. सर्व्हिस करणाऱ्याने सर्व्हिसपूर्वी मोठ्याने गुण म्हणायचे: आधी स्वतःचे, मग समोरच्याचे. "पाच-तीन." समोरचा गप्प राहिला तर त्याला ते मान्य आहे. ही एक सवय लागली की निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत, कारण चूक झाली तरी ती एका गुणापुरती असते, लगेच सापडते. गेम संपायला आल्यावर "माझे नऊ होते, माझे दहा होते" असं सुरू झालं तर ते सोडवायला कोणाकडेच काही नसतं.

आता सर्व्हिस. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सर्वाधिक नियम इथेच आहेत आणि चुकीची सवय इथेच सगळ्यात लवकर लागते. माझा क्रम असा असतो: आधी दिशा, मग पाय, मग उंची, मग बाकीचं.

दिशा म्हणजे तिरकी. उजव्या चौकोनातून केलेली सर्व्हिस समोरच्याच्या उजव्या चौकोनात, डाव्यातून डाव्यात. मुलांना "उजवा" म्हणजे नेटकडे तोंड केल्यावर आपला उजवा, हे आधी पक्कं करा, नाहीतर समोरासमोर उभी राहिलेली दोन मुलं एकमेकांच्या आरशासारखी हात दाखवत बसतात. नेटपासून १.९८ मीटरवर आखूड सर्व्हिसची रेषा आहे. शटल तिच्या अलीकडे, म्हणजे नेटच्या बाजूला पडलं तर फॉल्ट, म्हणजे चूक, आणि गुण समोरच्याला. एकेरीत सर्व्हिसचा चौकोन मागच्या शेवटच्या रेषेपर्यंत लांब आणि अरुंद असतो. दुहेरीत तो रुंद असतो, पण मागून ७६ सेंटिमीटर आखूड. आणि इथे मुलं हमखास अडकतात: दुहेरीतली ती मागची आतली रेषा फक्त सर्व्हिसपुरती आहे. सर्व्हिस परत आली की पूर्ण कोर्ट खुलं होतं. दुहेरीच्या एखाद्या रॅलीत शटल त्या दोन रेषांच्या मध्ये पडलं की लगेच खेळ थांबवा आणि विचारा, "ही सर्व्हिस होती का?" असं दोन-तीनदा विचारलं की मुलं स्वतःच एकमेकांना विचारायला लागतात.

पायांचा नियम सोपा आहे. सर्व्हिस करणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही पाय आपापल्या चौकोनात हवेत, रेषेला टेकायला नकोत, आणि शटल मारलं जाईपर्यंत दोन्ही पायांचा काही ना काही भाग जमिनीला टेकलेला आणि एका जागी स्थिर हवा. टाच उचलली तर चालते, पाऊल सरकलं तर नाही. मुलं फटका मारताना मागचा पाय ओढत पुढे नेतात. हे वेळीच थांबवलं नाही तर पुढे स्पर्धेत पंच फॉल्ट देतात आणि मुलाला कारणही कळत नाही. आणि हाच नियम सर्व्हिस घेणाऱ्यालाही आहे, हे आवर्जून सांगा. मुलांना वाटतं पायाचं बंधन फक्त सर्व्हिस करणाऱ्याला असतं, म्हणून घेणारा आधीच पुढे धावत येतो.

उंचीच्या बाबतीत सध्या दोन मापं ऐकायला येतात, त्यामुळे शिकवणारेही चाचरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१८ पासून ठरावीक उंची वापरली जाते: मारण्याच्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. जिथे ही उंची मोजायचं साधन नाही तिथे जुनं माप वापरतात: पूर्ण शटल कमरेच्या खाली, आणि मारताना रॅकेटची दांडी खालच्या दिशेला कललेली. इथे कंबर म्हणजे पट्टा बांधतो ती जागा नव्हे. छातीच्या सर्वांत खालच्या बरगडीच्या पातळीला नियमात कंबर मानलं आहे. लहान मुलांना शिकवताना मी दुसरं मापच वापरतो. कारण उघड आहे. सव्वा मीटर उंचीच्या मुलाच्या बाबतीत १.१५ मीटर म्हणजे जवळजवळ तोंडाची उंची. तेवढ्या वरून ते मूल वरून खाली मारायला शिकेल आणि उंची वाढल्यावर ती सर्व्हिस नियमबाह्य ठरेल. बरगडीखालून मारायची सवय लागलेली मुलं पुढे कोणत्याही मापात बसतात. मुलाला आपली शेवटची बरगडी हाताने चाचपून बघायला लावा, मग आणखी समजवावं लागत नाही.

बाकीचं म्हणजे: रॅकेटचा पहिला स्पर्श शटलच्या बुचाला व्हायला हवा, पिसांना नव्हे. रॅकेट मागून पुढे येताना एकदा निघाली की मध्ये अडखळवून समोरच्याला फसवायचं नाही. शटल सोडताना बोटांनी त्याला गिरकी देऊन केलेल्या सर्व्हिसवर २०२३ साली बंदी आली. मुलांनी ती सर्व्हिस व्हिडिओत पाहिलेली असते आणि कुणीतरी करून दाखवतंच, म्हणून हेही सांगून ठेवा.

सर्व्हिसचे तीन प्रश्न मुलं न चुकता विचारतात. रॅकेट फिरवली पण शटल लागलंच नाही तर? फॉल्ट, गुण समोरच्याला. नेटला लागून शटल बरोबर चौकोनात पडलं तर? चांगली सर्व्हिस, खेळ चालू. टेनिस पाहणारी मुलं इथे "पुन्हा" म्हणतात, पण बॅडमिंटनमध्ये तसं नाही. मी तयार नव्हतो तर? मग सर्व्हिस पुन्हा, पण शटल मारायचा प्रयत्न केला असेल तर तुम्ही तयार होतात असंच धरतात. हा तिसरा नियम फार न्याय्य आहे. शटल नेटमध्ये मारून मग "मी तयार नव्हतो" म्हणायची सोय त्यात ठेवलेली नाही.

सराव सुरू असताना नव्या मुलांना सर्व्हिसची दुसरी संधी द्यायला माझी हरकत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची प्रत्येक दुसरी सर्व्हिस चुकते. तेवढ्यावर गुण द्यायला लागलो तर रॅलीच होत नाहीत. पण ही सवलत आहे हे मुलाला माहीत असलं पाहिजे, आणि दहातल्या सात सर्व्हिस जायला लागल्या की ती काढून घ्या.

सर्व्हिस कुठून करायची, हे एकेरीत एका प्रश्नात सुटतं: "तुझे किती?" सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. शून्य सम आहे, म्हणून गेम उजवीकडून सुरू होतो. विचारायचे ते सर्व्हिस करणाऱ्याचे गुण; दोघांची बेरीज नव्हे, समोरच्याचे तर मुळीच नव्हे. मूल चुकीच्या बाजूला उभं राहिलं तर "तिकडे जा" म्हणू नका. "तुझे किती?" एवढंच विचारा आणि थांबा. ते स्वतः सरकतं. मुलं गुण विसरली तरी कोणत्या बाजूला उभी होती ते त्यांना आठवतं, त्यामुळे हा नियम गुणांची चूक पकडायलाही कामी येतो.

दुहेरीची ज्यांना भीती वाटते त्यांना सांगतो, यात तीनच वाक्यं आहेत. आपली सर्व्हिस असताना आपण गुण जिंकला तर सर्व्हिस करणाऱ्याने आणि जोडीदाराने बाजू बदलायची आणि त्यानेच पुन्हा सर्व्हिस करायची. बाकी कोणत्याही वेळी कोणीही बाजू बदलायची नाही. सर्व्हिस आपल्याकडे आली की आपल्या जोडीचे गुण बघायचे: सम असतील तर उजवीकडे उभा असलेला सर्व्हिस करेल, विषम असतील तर डावीकडचा.

हे ऐकून कळत नाही, चालून कळतं. रॅकेट बाजूला ठेवायला सांगा, चार मुलं कोर्टावर उभी करा आणि गुण तुम्ही बोला. एका बाजूला अ उजवीकडे, ब डावीकडे. समोर क उजवीकडे, ड डावीकडे. शून्य-शून्य. अ उजवीकडून क ला सर्व्हिस करतो. गुण अ-ब जोडीला: एक-शून्य. अ आणि ब जागा बदलतात, अ आता डावीकडून ड ला सर्व्हिस करतो. क आणि ड हललेले नाहीत. आता गुण क-ड जोडीला: एक-एक. कोणीही जागा बदलत नाही. क-ड चा एक गुण, म्हणजे विषम, म्हणून डावीकडचा ड सर्व्हिस करतो, ती घेतो समोरच्या डावीकडे उभा असलेला अ. पुन्हा गुण क-ड ला: दोन-एक. आता ते दोघं जागा बदलतात, ड उजवीकडून ब ला सर्व्हिस करतो. मग गुण अ-ब ला: दोन-दोन. कोणी हलत नाही, अ-ब चे दोन म्हणजे सम, उजवीकडे ब आहे, म्हणून सर्व्हिस ब ची, आणि घेणार ड.

इथवर चालून झालं की मुलांकडेच गुण बोलायचं काम द्या. एका बैठकीत सगळ्यांना समजेल अशी अपेक्षा नको. साधारण नवव्या-दहाव्या वर्षानंतर ते सहज पचतं. त्याहून लहान मुलांना दुहेरी खेळवायची असेल तर आळीपाळीने सर्व्हिस अशी साधी सोय करा आणि हा नियम पुढे ठेवा.

खेळताना मुलं चुकतात ती एका ठरावीक कारणाने. सर्व्हिस झाल्यावर दोघं जोडीदार कुठेही जाऊ शकतात, पुढे-मागे, आडवे, कसेही. रॅली संपते तेव्हा डावीकडचा उजवीकडे असतो आणि तिथेच उभा राहून पुढचा गुण सुरू करतो. म्हणून त्यांना एवढंच लक्षात ठेवायला सांगा: रॅली सुरू झाली तेव्हा मी कुठे होतो? आणि चुकीच्या जागेवरून किंवा चुकीच्या माणसाने सर्व्हिस केल्याचं नंतर लक्षात आलं, तर जागा दुरुस्त करायची, मिळालेले गुण तसेच राहतात. हे मुलांना माहीत नसतं. मागचे चार गुण रद्द करायचे की नाही यावर ती अर्धा तास भांडू शकतात.

सर्व्हिस घेण्याचा हक्कही त्या चौकोनातल्याच खेळाडूचा. जोडीदाराने मध्ये घुसून ती मारली तर फॉल्ट. त्यापुढच्या फटक्यांना मात्र क्रम नाही, कोणीही मारावं. टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलांना इथे आळीपाळीने मारायची सवय असते.

रॅलीतले फॉल्ट फार वेळ घेत नाहीत. रॅकेट, अंग किंवा कपडा नेटला लागला तर फॉल्ट. शटल अंगाला किंवा कपड्याला लागलं तर फॉल्ट, मग ते बाहेर जाणारं का असेना. बाहेर जाणारं शटल हाताने झेलणारं मूल प्रत्येक गटात असतं. त्याला सांगा, हात लावलास की गुण त्यांचा. एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा मारलं किंवा जोडीतल्या दोघांनी एकामागून एक मारलं तर फॉल्ट. पण एकाच फटक्यात शटल आधी फ्रेमला आणि मग तारांना लागलं तर तो फॉल्ट नाही, आणि फ्रेमला लागून पलीकडे गेलेलं शटलही चालतं. छताला लागलं तर सहसा फॉल्ट.

नेटच्या वरून हात नेण्याबद्दल मुलांचा गैरसमज असतो. शटल आपल्या बाजूला आल्यावरच मारायचं. पलीकडे जाऊन मारलं तर फॉल्ट. मात्र आपल्या बाजूला मारल्यानंतर रॅकेट ओघात नेटला न लागता पलीकडे गेली तर चालते. आणि समोरचा नेटजवळून मारत असताना त्याच्या फटक्याच्या वाटेत रॅकेट आडवी धरायची नाही. इथे नियम बाजूला ठेवून मी सुरक्षेचंही बोलतो, कारण नेटजवळ दोन रॅकेटी एकमेकींवर आदळण्याचा धोका खरा असतो.

त्याच कारणाने "लेट" हा शब्द लवकर शिकवा. शेजारच्या कोर्टातलं शटल आपल्या पायाशी आलं की जे मूल ते आधी बघेल त्याने "लेट" ओरडायचं, सगळ्यांनी थांबायचं, गुण पुन्हा खेळायचा. कोणी जिंकत होतं का, हा विचार करायचा नाही. पडलेल्या शटलवर पाय पडून घोटा मुरगळू शकतो. खेळताना शटलचं बूच पिसांपासून सुटलं तरी लेट. रॅलीत शटल नेटच्या कडेवर अडकून राहिलं तरी लेट. पण तेच सर्व्हिसमध्ये झालं तर फॉल्ट.

राहिला वादांचा प्रश्न, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ तिथेच आहे. पंच नसलेल्या खेळात आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय आपण द्यायचा असतो. समोरच्याला लांबून नीट दिसत नाही, तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. मी मुलांना एवढंच सांगतो: बाहेर पडलेलं स्पष्ट दिसलं असेल तरच "बाहेर" म्हणा, दिसलं नसेल तर आत धरा. नेटला रॅकेट लागली, कपड्याला शटल घासलं, हे बहुतेक वेळा फक्त ज्याचं त्यालाच कळतं. ते त्याने स्वतः सांगायचं. कोणी सांगितलं की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करा, गुण गेला तरी. जे मूल हे प्रामाणिकपणे करतं त्याच्याशी पुढच्या वेळी कोणी भांडत नाही, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं.

आणि प्रत्येक मुलाला पंच करा. रोज. एका कोर्टावर दोघं खेळत असतील तर तिसरं नेटच्या खांबापाशी उभं राहून गुण बोलेल, सर्व्हिस कोणत्या बाजूने ते सांगेल. नियम सगळ्यात पक्के होतात ते इथे. खेळताना मुलाचं लक्ष शटलवर असतं. पंच असताना ते नियमांवर असतं. सतत वाद घालणाऱ्या मुलाला तर मी मुद्दाम जास्त वेळा हे काम देतो. समोर दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असताना निर्णय देणं किती कठीण आहे हे त्याला कळतं, आणि त्याचा आवाज आपोआप खाली येतो. पंच चुकला तरी त्याचा निर्णय खेळ संपेपर्यंत बदलायचा नाही, तुम्हीही नाही. नंतर बाजूला घेऊन सांगा.

कार्ड, तक्रार, रेषेच्या निर्णयाची तपासणी, प्रशिक्षकाने केव्हा बोलावं, हे सगळं मुलं पहिल्या स्पर्धेला नाव देतील तेव्हा शिकवायचं. एक गोष्ट मात्र आधी सांगावी: मुद्दाम हरणं हाही नियमभंग आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीच्या चार जोड्यांना याच कारणासाठी बाद केलं गेलं. पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्या सामना जिंकायचा प्रयत्नच करत नव्हत्या. मैत्रिणीला जिंकू द्यायचं म्हणून शटल नेटमध्ये मारणाऱ्या मुलीला हे न रागावता समजावून सांगा.

हे सगळं किती दिवसांत होतं? आठवड्यातून दोनदा येणाऱ्या गटाला एकेरीचे नियम दोन-अडीच महिन्यांत अंगवळणी पडतात, दुहेरीची फिरती सर्व्हिस त्यानंतर महिनाभरात. एखादं मूल दुहेरीत अडलं असेल तर त्याला आणखी समजावत बसू नका, दोन दिवस त्याला दुहेरीचा पंच करा आणि शेजारी उभं राहून फक्त "त्यांचे किती?" एवढंच विचारत राहा.